विश्लेषण : नळाला पाणी असतानाच शहराने विहिरी सोडल्या… जमिनीखालचे पाणी कधी कमी पडेल, हे आधी कळते का?

शिकागोच्या नैऋत्येला साधारण ६० किलोमीटरवर जोलिएट नावाचे शहर आहे. लोकसंख्या सुमारे दीड लाख. शहराच्या नळांना येणारे बहुतेक पाणी दीड हजार फूट खोल विहिरींमधून उपसले जाते आणि ते आजही रोज येते. तरीही जानेवारी २०२१ मध्ये या शहराच्या नगर परिषदेने एक मोठा निर्णय घेतला. २०३० पर्यंत या विहिरींवरचे अवलंबित्व संपवायचे आणि शिकागोकडून मिशिगन सरोवराचे पाणी विकत घ्यायचे. आसपासच्या गावांसह या योजनेचा खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे जातो. पाणीपट्टीतही मोठी वाढ होणार. विहिरी आटलेल्या नसताना नागरिकांच्या माथी एवढा खर्च मारण्याचे धाडस नगरसेवकांनी कशाच्या बळावर केले? त्याचे उत्तर संगणकावर तयार केलेल्या भूजल प्रारूपात आहे.

जोलिएटच्या विहिरींचे झाले काय?

शिकागो परिसराच्या खाली वालुकाश्माचे जाड थर आहेत. त्यावर शेल खडकाचे, जवळपास अभेद्य असे झाकण आहे. अशा झाकलेल्या जलधरातले पाणी दाबाखाली असते. १८६४ मध्ये शिकागोत तेलाच्या शोधात खोदलेल्या सुमारे सातशे फूट खोल विहिरीतून पाणी पंपाशिवाय जमिनीवर उसळले. त्यानंतर कारखाने, कत्तलखाने, रेल्वे आणि उपनगरे अशा सगळ्यांनीच खोल विहिरी घेतल्या. १९८० पर्यंत काही भागांत ही पातळी ८०० फुटांहून अधिक खाली गेली होती.

अडचण अशी, की ज्या झाकणामुळे पाणी दाबाखाली राहिले, तेच झाकण पावसाचे पाणी आत येऊ देत नाही. पुनर्भरण होते ते प्रामुख्याने दूर पश्चिमेकडे, जिथे शेलचा थर नाही. तिथून पाणी शिकागोपर्यंत यायला माणसाच्या नव्हे, खडकाच्या घड्याळाने वेळ लागतो. या वालुकाश्मातले बरेचसे पाणी हिमयुगाच्या काळात मुरलेले आहे. थोडक्यात, खात्यात जुनी ठेव मोठी आणि महिन्याची जमा तुटपुंजी. साठच्या दशकापासून उपसा या जमेच्या कितीतरी पुढे होता.

१९९२ पासून शिकागोच्या पश्चिमेकडील ड्यूपेज परगण्यातील उपनगरांना सरोवराचे पाणी मिळू लागले. तिथला उपसा घटला आणि पातळी काहीशे फुटांनी वर आली. जोलिएटकडे मात्र उलटे घडले. शहर वाढत गेले, महामार्ग आणि रेल्वेमुळे भोवती गोदामांचे जाळे उभे राहिले. उपशाचा केंद्रबिंदू शिकागोकडून नैऋत्येला सरकला.

हे आधी माहीत नव्हते का?

माहीत होते, आणि हाच या प्रकरणाचा सर्वात बोलका भाग आहे. ‘इलिनॉय स्टेट वॉटर सर्व्हे’ ही १८९५ मध्ये स्थापन झालेली संस्था. खोल जलधरातून किती पाणी कायमस्वरूपी काढता येईल, याचा अंदाज तिने १९५९ मध्येच प्रसिद्ध केला होता. सत्तरच्या दशकातील सुधारित अंदाज होता दिवसाला साडेसहा कोटी गॅलन, म्हणजे जवळपास २५ कोटी लिटर. प्रत्यक्ष उपसा १९७९ च्या सुमारास त्याच्या अडीच पटींहून अधिक झाला. म्हणजे धोक्याचा आकडा छापील अहवालात होता, वाचनालयात होता, अधिकाऱ्यांच्या टेबलावर होता. पण त्या आकड्याने कोणत्याही एका शहराचा निर्णय बदलला नाही.

कारण तो आकडा सगळ्यांचा होता, म्हणून कोणाचाच नव्हता. ‘प्रदेशात उपसा जास्त होतो आहे’ या वाक्यावर कोणता महापौर पाणीपट्टी वाढवेल? प्रत्येक शहर शेजाऱ्याकडे बोट दाखवू शकते. आपल्याच विहिरी, कोणत्या वर्षी, किती मागणी असताना तोकड्या पडतील, हे सांगणारे कोणी नव्हते.

भूजल प्रारूप म्हणजे काय?

जमिनीखालच्या प्रदेशाची, थरांसकट, चौकटींमध्ये केलेली मांडणी म्हणजे भूजल प्रारूप. शेतजमिनीच्या नकाशावर आडव्या-उभ्या रेघा माराव्यात तशी पृष्ठभागावर चौकटींची जाळी टाकतात आणि तिचे एकाखाली एक असे अनेक मजले करतात. माती आणि वाळू, मग शेल, मग वालुकाश्म, असे हे मजले. प्रत्येक चौकटीला काही गुण दिले जातात. तिच्यातून पाणी किती सहज वाहते, ती किती पाणी साठवते, वरून किती मुरते, नदीशी तिचे देणेघेणे काय आणि तिच्यात असलेल्या विहिरी रोज किती उपसतात.

मग संगणक प्रत्येक चौकटीचा हिशेब मांडतो. आलेले पाणी, गेलेले पाणी आणि साठ्यातला फरक जुळला पाहिजे. शेजारच्या चौकटीत पातळी जास्त असेल तर पाणी इकडे वाहते, आणि किती वाहते ते ठरते हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याच्या १८५६ मधील नियमाने. हा नियम जन्माला आला तोच एका शहराच्या नळयोजनेतून. डार्सी यांनी दीजाँ शहराला पाणी आणले आणि त्या कामाच्या ग्रंथाला वाळूतून पाणी झिरपण्याचे आपले प्रयोग जोडले.

आज जगभर यासाठी वापरली जाणारी ‘मॉडफ्लो’ ही संगणकप्रणाली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. ती मोफत आहे. विद्यार्थी ती लॅपटॉपवर चालवतात. महाग असते ती तिच्यात भरायची माहिती.

प्रारूपावर विश्वास बसतो तो भूतकाळावरून. शिकागो परिसराच्या प्रारूपाची सुरुवात १८६४ पूर्वीच्या, म्हणजे उपसा सुरू होण्याआधीच्या स्थितीपासून करता येते. पुढील दीडशे वर्षांचा नोंदवलेला उपसा त्यात भरायचा आणि प्रारूपाने दाखवलेली पातळी विहिरींत प्रत्यक्ष मोजलेल्या पातळीशी जुळते का, हे पाहायचे. जुळत नसेल तर खडकाचे गुण पुन्हा तपासायचे. हे पुरेसे जुळले, की मगच भविष्याचा प्रश्न विचारायचा.

इलिनॉयमध्ये हे शक्य झाले, कारण तिथे मोजणी होती. पिढ्यान्‌पिढ्या विहिरींचे खोदकाम-अहवाल जपले गेले, उपशाचे आकडे गोळा झाले, आणि २०१४ मध्ये इलिनॉय व विस्कॉन्सिनमधील शेकडो खोल विहिरींची पातळी एका मोहिमेत मोजली गेली. वर्तमानपत्रात छापण्याजोगे यात काहीच नाही. कोणीतरी दरवर्षी विहिरीत फीत सोडून आकडा लिहीत राहिले, एवढेच.

प्रारूपाने नवे काय सांगितले?

२००६ मध्ये इलिनॉयच्या गव्हर्नरांनी आदेश काढून प्रादेशिक पाणी नियोजन सुरू केले. ईशान्य इलिनॉयचे ११ परगणे एकत्र धरून २०५० पर्यंतची मागणी मोजली गेली, तीही तीन प्रकारे. आजचीच चाल राहिली तर, काटकसर केली तर आणि उधळपट्टी वाढली तर. या तिन्ही शक्यता प्रारूपात घातल्या. त्यातून उमटलेल्या नकाशांवर जोलिएटभोवतीची खोलगट जागा पुन्हा पुन्हा दिसू लागली. पुढील वर्षांत अधिक बारीक जाळीचे प्रारूप आणि नवी मोजणी आली आणि चित्र स्पष्ट झाले. २०३० च्या सुमारास, उन्हाळ्यात ज्या दिवशी मागणी सर्वाधिक असते, त्या दिवशीची गरज भागवणे जोलिएटच्या विहिरींना जमणार नाही, असा धोका होता.

या विधानात शहर आहे, साल आहे आणि दिवसाचा प्रकारही आहे. पाणी ‘संपणार’ असे त्यात कुठेही नाही. खडकात पाणी उरेलच, पण पातळी इतकी खाली जाईल, की पंपांना हवे तेवढे खेचता येणार नाही. ही तफावत सामान्य माणसाला किरकोळ वाटेल. पाणीपुरवठा अभियंत्याला ती किरकोळ नसते. आग विझवायला लागणारा दाब त्याच दिवशीच्या पुरवठ्यातून यायचा असतो.

दुसरी गोष्ट जमिनीखालच्या भेगेची. जोलिएटजवळून ‘सँडविच’ नावाचा भ्रंशपट्टा जातो. त्याच्या दोन्ही बाजूंचे थर वरखाली सरकलेले आहेत. मोजलेल्या पातळ्या आणि प्रारूप यांचा मेळ घालताना लक्षात आले, की हा पट्टा बांधासारखा वागतो आणि दक्षिणेकडून येणारे पाणी अडवतो. म्हणजे जोलिएटच्या विहिरी एका बाजूने भिंत असलेल्या खोलीतून उपसत होत्या. सरासरी आकड्यांच्या अहवालात ही भिंत कधी दिसली नसती.

तिसरी गोष्ट विहिरींचीच. जुन्या खोल विहिरी एकापेक्षा अधिक थरांत उघड्या ठेवल्या जात. त्यामुळे विहीर स्वतःच नळी बनते आणि वरच्या थरातले पाणी तिच्यातून खालच्या थरात उतरते. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सरोवर जवळ असताना विहिरी कशाला?

मिशिगन सरोवर डोळ्यांसमोर असले तरी इलिनॉयला ते हवे तेवढे उपसता येत नाही. शिकागोने १९०० मध्ये आपल्या नदीचा प्रवाह उलटा फिरवला आणि सरोवराचे पाणी मिसिसिपीच्या खोऱ्यात जाऊ लागले. शेजारची राज्ये न्यायालयात गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या हुकूमनाम्याने इलिनॉयवर सेकंदाला ३,२०० घनफुटांची मर्यादा घातली. वर्षाचा हिशेब केला तर हे होते सुमारे १०० टीएमसी, म्हणजे जवळपास एका कोयना धरणाच्या साठ्याइतके. त्यातूनच शिकागो आणि उपनगरांचे पिणे-वापरणे भागवायचे. शिवाय सरोवराकडे वाहून जायचे जे पावसाचे पाणी आता दुसरीकडे वळते, तेही यातच धरले जाते.

म्हणून सरोवराचे पाणी मागणाऱ्या शहराला राज्याकडून वाटप मंजूर करून घ्यावे लागते, आणि ते सशर्त असते. जोलिएटला जुन्या जलवाहिन्या बदलून हिशेबाबाहेरचे पाणी १० टक्क्यांच्या आत आणायचे आहे. पाणी हवे असेल तर आधी गळती थांबवा, ही अट प्रारूपाइतकीच महत्त्वाची म्हणावी लागेल.

नद्यांसह इतर पर्यायही तपासले गेले. शेवटच्या टप्प्यात शिकागो आणि शेजारच्या इंडियाना राज्यातील हॅमंड हे दोन विक्रेते उरले आणि शिकागोची निवड झाली. २०२३ मध्ये शिकागोशी १०० वर्षांचा करार झाला. रोमिओव्हिल, शोरवुड, मिनूका, चॅनाहॉन आणि क्रेस्ट हिल ही शेजारची गावेही सामील झाली आणि सहा जणांचा संयुक्त पाणी आयोग स्थापन झाला. एरवी एकमेकांच्या विहिरींवर डोळा ठेवणारी ही गावे. सगळ्यांची नळी एकाच खोलगट जागेत बुडालेली आहे, हे नकाशावर दिसल्यानंतर ती एका टेबलाभोवती बसली.

प्रारूप चुकू शकते?

अर्थातच. २०३० हे साल दगडावर कोरलेले नाही. मागणी अंदाजापेक्षा कमी राहिली, एखादा मोठा उद्योग बंद पडला किंवा नवा आला, तर ते पुढे-मागे सरकते. खडकाचे गुण मोजके नमुने आणि उपसा चाचण्यांवरून ठरवलेले असतात, मधली जागा अंदाजाने भरलेली असते. म्हणूनच जबाबदार तज्ज्ञ एकच आकडा न देता शक्यतांचा पट्टा देतात.

पण इथे चुकीच्या दोन बाजूंची किंमत सारखी नसते. जलवाहिनी दोन वर्षे लवकर झाली तर व्याज वाया जाते. दोन वर्षे उशिरा झाली तर दीड लाख लोकांच्या शहरात ऐन उन्हाळ्यात पाणी कमी पडते. आणि मोठी जलवाहिनी उभारायला दहा वर्षे लागतात, ती टंचाई दिसू लागल्यावर सुरू करून चालत नाही. जोलिएटने अंदाजाच्या अचूकतेपेक्षा हा दहा वर्षांचा अवधी विकत घेतला.

आणखी एक धोका प्रारूपाच्या गैरवापराचा आहे. रंगीत नकाशा पाहिला की तो सत्य वाटू लागतो. आपल्याला हवे ते उत्तर यावे म्हणून पुनर्भरणाचा आकडा थोडा वाढवणे कोणत्याही सल्लागाराला अवघड नाही. जोलिएटमध्ये हे प्रारूप विद्यापीठाशी जोडलेल्या सार्वजनिक संस्थेचे होते, विहीर खोदणाऱ्याचे किंवा जलवाहिनी टाकणाऱ्याचे नव्हते.

पुण्याला हे लागू पडते का?

जसेच्या तसे नाही. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बसाल्टचा आहे. काळ्या कातळाच्या आत वाळूसारखी पोकळी नसते. पाणी राहते ते वरच्या मुरमात, सच्छिद्र थरात आणि भेगांमध्ये. साठवणही बेताची, आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्के. जोलिएटखाली हिमयुगाची ठेव आहे, पुण्याखाली पावसाळ्यात भरणारे आणि मेपर्यंत बरेचसे रिकामे होणारे खाते आहे. त्यामुळे ‘कोणत्या वर्षी’ हा जोलिएटचा प्रश्न इथे ‘कोणत्या महिन्यात, कोणत्या वस्तीत, कितव्या बोअरवेलनंतर’ असा विचारावा लागेल. भेगांच्या खडकात चौकटींची सरळसोट जाळी वस्तीच्या पातळीवर फसवू शकते. तिथे उपसा चाचण्या आणि पायी फिरून केलेले भूशास्त्रीय नकाशे जास्त लागतात.

प्रश्न मात्र खरा आहे. जुने पुणे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या सुमारे २९ टीएमसी साठ्यावर उभे आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पालिकेत आली, हद्द वाढली, धरणे तेवढीच राहिली. वाघोली, उंड्री, बावधन अशा भागांत हजारो कुटुंबे बोअरवेल आणि टँकरवर दिवस काढतात. सोसायटीचा बोअर चारशे फुटांवर आटला की शेजारी सहाशे फुटांचा घेतला जातो. खाली वेगळा साठा असतोच असे नाही. पुष्कळदा नवा बोअर वरच्याच थराला आणखी एक भोक पाडतो. टँकर ज्या विहिरीवर भरतो, ती विहीरही याच खडकात, फक्त दुसऱ्या गावच्या हद्दीत असते.

मग अडते कुठे?

यंत्रणा नाही असे नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून काम करते, मुख्यालय पुण्यातच आहे. दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांचे मूल्यांकन होते, निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. केंद्राचा जलधर नकाशांकन कार्यक्रम २०१२ पासून सुरू आहे. पण या मोजणीचा भर शेतीवर आणि ग्रामीण पाण्यावर राहिला. पाणलोट ‘सुरक्षित’ आहे की ‘अतिशोषित’, हे तिच्यातून कळते. बाराशे सदनिकांच्या एका संकुलाला पुढील वीस वर्षे पाणी मिळेल का, हे कळत नाही. १९५९ च्या शिकागोच्या अहवालासारखाच हा आकडाही सगळ्यांचा आहे.

बांधकाम परवानगीच्या वेळी पाण्याचा प्रश्न अनेकदा विकासकाच्या हमीपत्रावर सुटतो. पालिकेचे पाणी येईपर्यंत पाण्याची सोय विकासक करील, असे लिहून दिले जाते. ती सोय म्हणजे बोअर आणि टँकर. इमारत ताब्यात दिल्यानंतर हमी सोसायटीच्या गळ्यात पडते. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा, अमलात आला जून २०१४ मध्ये. विहिरींची नोंदणी आणि खोल विहिरींवरील नियंत्रण यांची तरतूद त्यात आहे. साठ मीटर, म्हणजे जेमतेम दोनशे फूट, ही त्यातील खोल विहिरीची व्याख्या. शहराच्या कडेच्या बहुतेक सोसायट्यांचे बोअर ती रेषा कधीच ओलांडून गेले आहेत.

प्रारूपासाठी लागणारी सर्वात पहिली गोष्ट म्हणजे उपशाचा आकडा. सोसायटीच्या विजेला मीटर असतो, गॅसला असतो, बोअरवेलला नसतो. टँकरच्या पावत्या सोसायटीच्या कपाटात पडून असतात. त्यावर तारीख असते, खेपा असतात, लिटर असतात. शंभर सोसायट्यांच्या पाच वर्षांच्या पावत्या, त्यांच्या बोअरची खोली आणि दर महिन्याला फीत सोडून मोजलेली पातळी, एवढ्यावर एखाद्या प्रभागाचे पहिले, ओबडधोबड प्रारूप सुरू करता येते. ही माहिती मागायला पालिकेला नवा कायदा लागत नाही. परवानगीच्या अर्जात एक रकाना वाढवावा लागेल.